माळाचे पीक

इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल या अंमलदाराने बसविलेल्या अवास्तव दस्ताखाली पुणे प्रांतातील गावेच्या गावे ओस पडू लागली, तेव्हा १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी इंदापूर तालुक्याची नव्याने पाहणी करून जमाबंदीची जी पद्धत घालून दिली, आणि जी पुढे थोड्याफार फरकाने साऱ्या मुंबई इलाख्यात रूढ झाली, तिच्यात मातीची खोली, तिचा रंग आणि तिच्यातील चुनखडी-मुरमाचे प्रमाण पाहून प्रत्येक शेताची प्रत आण्यांत ठरवीत असत. रयतेला त्या पद्धतीने दिलेला दिलासा खरा होता, आणि आजच्या सातबाऱ्यावरील आकारही त्याच पाहणीचा वंशज आहे. परंतु तिची नजर नांगराची होती. जेथवर फाळ जातो तेथवरच्या जमिनीचा तिने एकर-गुंठ्यांनिशी हिशेब मांडला, आणि फाळ जेथे खडकावर आपटून थांबतो त्यापलीकडच्या अफाट मुलखावर कोठे पड, कोठे पोटखराबा, कोठे मुफत गायरान असे शिक्के मारून तो दफ्तराच्या शेवटच्या रकान्यात लोटून दिला. प्रस्तुत ग्रंथ त्या शेवटच्या रकान्याविषयी आहे.

त्या रकान्यात दरवर्षी एक पीक उगवते. ते कोणी पेरीत नाही, त्याला कोणी खत घालीत नाही, त्याची आणेवारी कोणी काढीत नाही, आणि ते बुडाले तर तहकुबी नाही की सूट नाही. तरीही माणदेशच्या खिल्लार बैलाच्या खांद्यातील जोर, जतेकडच्या माडग्याळ मेंढीचे उंचेपुरे अंग, उस्मानाबादी शेळीचे दूध, इतकेच नव्हे तर ज्या शेणखतावर खालच्या काळ्या रानातील शाळू पोसतो ते शेणखतसुद्धा, या हिशेबात न धरलेल्या पिकातूनच आलेले आहे. गवत हे पीक आहे, आणि कोणत्याही पिकाला जे जे लागते, म्हणजे निवडलेले बियाणे, तयार केलेली जमीन, राखण, विसावा आणि वेळेवरची कापणी, ते ते त्यालाही दिले पाहिजे, एवढे एकच म्हणणे मी पुढील प्रकरणांत निरनिराळ्या अंगांनी मांडले आहे.

ज्या मुलखाला अनुलक्षून हे लिहिले आहे त्याची ओळख थोडक्यात करून देतो. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेथून पूर्वेस सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर जातो न जातो तोच, दहिवडी-म्हसवडच्या माळावर तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन अडखळतो. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, कर्जत, जामखेड, आष्टी, पाटोदा, असा हा पर्जन्यछायेचा पट्टा उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. पाचशे मिलिमीटर हा आकडा ऐकताना फार लहान वाटत नाही. परंतु तो पाऊस समप्रमाणात वाटलेला नसतो. मृगात एखादा वळीव होऊन जातो, मग आषाढ-श्रावणात आभाळ नुसते वाहते, पश्चिमेचे ढग डोक्यावरून पूर्वेस निघून जातात, आणि खरा पाऊस येतो तो बहुधा उत्तरा-हस्तात, तोही कधी तीन-चार दिवसांत सारा. ज्या वनस्पतीला उगवल्यापासून पिकेपर्यंत नियमित ओल हवी तिचा येथे निभाव लागत नाही. जी वनस्पती दोन पावसांमधील पाच-सहा आठवड्यांचा खंड मुळांच्या बळावर सोसू शकते आणि ओल येताच चार-पाच दिवसांत हिरवी होते, तीच येथली खरी रहिवासी.

अशा रहिवाशांची नीटस नोंद ज्या ग्रंथात आपल्याला मिळते तो ब्लॅटर आणि मॅकॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. ब्लॅटर हे स्विस जेझुइट पाद्री मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि उतारवयात पुण्यास राहत; ग्रंथ छापून बाहेर पडण्यापूर्वीच, १९३४ साली, ते निवर्तले. गवताच्या एका कणसातील तुसांची संख्या मोजण्यासाठी ज्या चिकाटीने त्यांनी आपले डोळे झिजवले तिचे स्मरण या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ठेवले पाहिजे. पुढे १९६२ साली झाशी येथे गवताळ भूमी आणि चारा यांच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था निघाली, आणि तिच्याशी निगडित असलेल्या दबडघाव व शंकरनारायण या दोघा शास्त्रज्ञांनी देशभर फिरून भारताच्या गवताच्छादनाचे जे वर्गीकरण १९७३ साली प्रकाशित केले त्यात सारे दख्खनचे पठार एका प्रमुख गवतप्रकाराखाली येते. त्या प्रकाराची दोन नामधारी गवते म्हणजे आपल्याकडची शेडा-पवन्याची कुळी आणि मारवेल. वायव्येच्या रुक्ष प्रदेशाचा जो दुसरा प्रकार त्यांनी सांगितला त्यात मारवेलच्या जोडीला अंजन आणि जैसलमेरकडील सेवण ही गवते येतात. या ग्रंथात मी मुख्यतः मारवेल आणि अंजन या दोघांचा विचार केला आहे. मारवेल काळ्या व मध्यम जमिनीसाठी, अंजन हलक्या, वालुकामय व मुरमाड जमिनीसाठी.

आपला माळ म्हणजे तुटून गेलेल्या घनदाट अरण्याचे उरलेले कंगाल अवशेष होत, अशी एक समजूत सुशिक्षितांत फार पसरलेली आहे. कोठे कोठे ती खरीही असेल. परंतु अलीकडच्या संशोधकांनी जुन्या मराठी वाङ्मयातील वृक्षवेलींचे उल्लेख बारकाईने तपासून पश्चिम महाराष्ट्राचा हा मुलूख निदान काही शतके तरी विरळ बाभळी-बोरींचा आणि दाट गवताचाच होता असे दाखवून दिले आहे. हा वाद केवळ पंडितांचा नाही. माळ म्हणजे नष्ट झालेले जंगल असे एकदा मानले की त्याच्यावर खड्डे घेऊन गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावणे हे पुण्यकर्म ठरते, आणि त्या पुण्यकर्माच्या सावलीत गवत मरते. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले, कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० साली काळविटासाठी झाले. या दोन्ही प्राण्यांना उघडा, गवताळ, दूरवर नजर जाईल असा माळ लागतो. माळढोक तर आता तेथे दिसेनासाच झाला आहे. झाड लावणे हे सर्वत्र आणि सर्वकाळ चांगलेच, असे मानणाऱ्या आपल्या भाबड्या उत्साहाने गवताचे जेवढे नुकसान केले तेवढे कित्येक वर्षांच्या अवर्षणानेही केले नसेल, असे मला वाटते.

अवर्षणाचा विषय निघालाच आहे तर त्याचाही विचार येथेच करू. १९७२ च्या दुष्काळात सरकारने काढलेल्या कामांवर लाखो माणसे खडी फोडीत होती. त्यांच्या पोटाला मिलो मिळाला, मुलांना सुकडी मिळाली, आणि त्या भयंकर वर्षात माणूस जगला. त्या अनुभवातून रोजगार हमीची योजना उभी राहिली, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा. जनावर मात्र बाजारात गेले. ज्याने दावणीची बैलजोडी कवडीमोलाने विकली त्या कुणब्याला पुढच्या मृगात पाऊस पडूनही पेरता आले नाही, आणि दुष्काळ संपल्यावरही त्याचा दुष्काळ दोन-तीन वर्षे चालू राहिला. रोजगाराची हमी आपण दिली. वैरणीची हमी देण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

पुढे २०१२-१३ मध्ये, आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये, तालुक्यातालुक्यांतून जनावरांच्या छावण्या पडल्या. त्यांनी हजारो जनावरे वाचवली, आणि त्या चालविणाऱ्यांपैकी अनेकांनी जिवापाड कष्ट केले. परंतु त्या छावण्यांत वैरण म्हणून काय येत होते हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. येत होता तो ऊस आणि उसाची वाढी. ज्या पिकाला साऱ्या पिकांत सर्वांत जास्त पाणी लागते तेच पीक, पाणी नाही म्हणून उपाशी मरणाऱ्या जनावरापुढे, शेकडो मैल ट्रकने वाहून आणून टाकावे लागत होते. त्यातही वाढ्यांमधील ऑक्झॅलेट जनावराच्या शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते, म्हणून ती चुन्याची निवळी शिंपडूनच खाऊ घाला असे पशुवैद्यांना सांगत फिरावे लागे. आणि छावणीच्या चहूंबाजूंनी जो माळ पसरलेला होता त्याच्यावर मूठभर गवत नव्हते, कारण चांगल्या पावसाच्या वर्षी ते राखून ठेवण्याची व्यवस्थाच आपण मोडून टाकली होती.

ती व्यवस्था एके काळी होती. मराठ्यांच्या राज्यात घोडदळ गवतावर चाले, आणि राज्यकर्त्यांना त्याची जाणीव होती. चिपळूणच्या छावणीतील लष्करास शिवाजी महाराजांनी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात दाणा-गवत बेताने वापरून ते पावसाळाभर पुरविण्याची, गंजींना आगीपासून जपण्याची आणि रयतेच्या काडीलाही हात न लावण्याची जी ताकीद आहे, ती वाचताना एक सेनापती गवताच्या पेंढीचा विचार किती खोलवर करीत होता हे पाहून थक्क व्हायला होते. पुढच्या काळातही सरकारी कुरणे राखली जात. तेथील गवत पिकल्यावरच कापून गंजी लावीत. इंग्रजी अमलात १८७९ च्या जमीन महसुलाच्या कायद्याने गुरचरणासाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांना दिला, आणि आपल्या १९६६ च्या अधिनियमातही कलम २२ अन्वये तो कायम आहे. म्हणजे जमीन कागदोपत्री राहिली. राखण तेवढी गेली. चराईच्या हक्काची नोंद झाली, चराईच्या शिस्तीची झाली नाही.

गायरानावरील अतिक्रमणाविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी दिलेला निर्णय सर्वांस ठाऊक आहे. परंतु सर्व अतिक्रमणे एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले त्यांत पडीक व गायरान जमिनी कसायला मिळाव्यात ही मागणी होती, आणि ज्यांना गावाने कधी वीतभर जमीन दिली नाही त्यांनी ती मागावी यात गैर काहीच नव्हते. भूमिहीनांना रीतसर मिळालेल्या पट्ट्यांचा अपवाद न्यायालयानेही मान्य केलेला आहे. माझा आक्षेप आहे तो ज्यांच्या घरी बागायत आहे आणि तरीही जे गायरानावर जेसीबी घालतात त्यांच्यावर. गवत वाढवायचे तर त्यात भूमिहीनाचा वाटा पहिला असला पाहिजे, कारण त्याच्या दारातील दोन शेळ्यांना माळावाचून दुसरे रानच नाही.

आता गवताच्या स्वभावाकडे वळतो. या ग्रंथाचा गाभा तो आहे.

हंगामी गवत आणि बहुवर्षायू गवत यांतील भेद वरून पाहता कळत नाही. भाद्रपदात दोन्ही सारखीच हिरवी दिसतात. भेद कळतो तो कुदळीने. अंजनाचे चार-पाच वर्षांचे एखादे बेट कडेने उकरीत गेले तर पहिल्या वितीत मुळ्यांचा दाट गुंता लागतो, त्यात माती अशी घट्ट धरलेली असते की बेट उपटून झटकले तरी ती सुटत नाही. पुढे मुळ्या विरळ होत जातात, पण थांबत नाहीत. मुरमाच्या भेगा शोधीत त्या पुरुषभर खोल गेलेल्या आढळतात. बुडाशी, जमिनीला लागून, जाडसर फुगीर पेरे असतात आणि त्यांच्या कुशीत पुढच्या वर्षाचे डोळे झोपलेले असतात. कार्तिकात वरचा पाला वाळू लागला म्हणजे त्यातील सत्त्व खाली उतरून या पेऱ्यांत आणि मुळ्यांत साठते. आपल्या जुन्या वाड्यांतील पेव ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही: सुगीची ज्वारी पेवात भरून तोंड बंद करायचे आणि अडीअडचणीलाच ते उघडायचे, हाच नेम हे गवत जमिनीखाली पाळीत असते. मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा फुटणारे हिरवे पाते हे त्या पेवातील दाण्यावर फुटते; त्याच्या स्वतःच्या कमाईवर ते आठ-पंधरा दिवसांनंतरच जगू लागते. आणि नेमकी याच आठ-पंधरा दिवसांत, उन्हाळाभर भुकेने व्याकूळ झालेली गावची सारी जनावरे माळावर सुटतात. पेव उघडून दाणे बाहेर काढले, ते खाल्ले गेले, आणि पुन्हा भरले नाही, असे चार-पाच वर्षे चालले की बेट मरते.

अमेरिकेच्या कृषिखात्यातील क्रायडर या शास्त्रज्ञाने १९५५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. गवताचा निम्म्यापर्यंतचा पाला एकदा कापला तर मुळांच्या वाढीला फारसा धक्का बसत नाही. त्यापुढे मात्र प्रत्येक पावलागणिक मुळे थांबत जातात, आणि ऐंशी टक्के पाला उतरवला की मुळांची वाढ अगदी ठप्प होऊन कित्येक दिवस पुन्हा सुरू होत नाही. अवर्षणाच्या प्रदेशात थांबलेले मूळ म्हणजे खंडाच्या काळात ओलीपर्यंत न पोचलेले मूळ. जे गवत अवर्षण सोसते म्हणून आपण लावतो, त्याची सोसण्याची शक्तीच आपण वरून कातरून टाकत असतो.

बेटे मरू लागली म्हणजे माळ एकदम उघडा पडत नाही, आणि म्हणूनच ऱ्हास लक्षात येत नाही. आधी मारवेल आणि पवन्या मागे हटतात; त्यांची जागा कुसळी घेते. कुसळीही बहुवर्षायू आहे, कोवळेपणी गुरे ती खातात, परंतु आश्विनात तिला जे कुसळ येते ते एकदा तळहातावर घेऊन पाहण्याजोगे आहे. दाण्याचे टोक सुईसारखे, त्यावर मागे वळलेले राठ केस, आणि पाठीमागे दोन-अडीच इंचांचा काळपट, पीळ पडलेला तुरा. तळहात ओला केला की तो पीळ हळूहळू उलगडू लागतो, तुरा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, आणि टोक कातडीत शिरू पाहते. वाळला की उलटा फिरतो, पण केस मागे वळलेले असल्याने टोक बाहेर येत नाही. निसर्गाने ही योजना दाणा मातीत पेरण्यासाठी केलेली आहे; मेंढीच्या लोकरीत मात्र तेच कुसळ कातडीपर्यंत पोचते, जखमा करते, कोकरांच्या डोळ्यांत आणि तोंडात शिरते. धनगर त्या दिवसांत कुसळीचे रान टाळून कळप वळवतात. कुसळीच्याही पुढची पायरी म्हणजे महिन्या-दीड महिन्यात उगवून वाळणारी, काडीसारखी, निःसत्त्व हंगामी गवते, आणि त्यानंतर तरवड. कारण तरवडाला जनावर तोंड लावीत नाही. माळावर पिवळ्या फुलांचा तरवड दाट दिसू लागला म्हणजे तेथील गवताचा इतिहास संपत आला असे समजावे.

हा उतरता जिना पुन्हा चढता येतो. नुसते राखले तरी दोन-तीन पावसाळ्यांत मेलेली वाटणारी बेटे फुटतात, याचे प्रत्यंतर हिवरे बाजारसारख्या ज्या गावांनी चराईबंदी मनापासून पाळली तेथे आलेले आहे. परंतु जेथे बेटच उरलेले नाही तेथे ते लावावे लागते, आणि येथे शेती सुरू होते.

मारवेलचे बी धरणे व उगवणे कटकटीचे असते, म्हणून ते ठोंबांनी लावावे. पुष्कळ काळ्या रानांच्या बांधांवर मारवेल आपले आपण वाढलेले असते. त्याच्या कांड्याच्या प्रत्येक पेऱ्यावर पांढऱ्या केसांचे कडे असते आणि कणसाच्या चार-सहा बोटांना जांभळट झाक असते, त्यावरून ते ओळखावे. आर्द्रा-पुनर्वसूत जमीन वाफशावर आली की जुने बेट खणून काढतात, विळ्याने वरचा पाला वीतभर ठेवून छाटतात, बेट हाताने फाडून तीन-तीन चार-चार मुळ्यांसकट फुटवे वेगळे करतात आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून रानात नेतात. सरीच्या बगलेला, दोन ओळींत दीड-दोन फूट आणि दोन ठोंबांत फूटभर अंतर सोडून, ठोंब बोटभर खोल रोवून टाचेने दाबायचा असतो. हे दाबणे महत्त्वाचे आहे. बायका गप्पा मारीत झरझर ओळ पुढे नेतात आणि तरी त्यांची टाच एकाही ठोंबाला चुकत नाही, हे कौशल्य ज्यांनी पाहिले नाही ते मजुरीच्या दरावर घासाघीस करतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे निवडक, भरपूर फुटव्यांचे वाण तयार केलेले आहेत. ते मिळाले तर उत्तमच.

अंजनाची गोष्ट वेगळी. त्याचे बी भरपूर येते, पण ते मऊ केसांच्या गोंड्यात बसलेले असल्याने अतिशय हलके असते, आणि पाभरीतून पडत नाही. मुठीने फेकले तर वाऱ्यावर शेजारच्या रानात जाते. म्हणून हेक्टरी पाच-सहा किलो बी पोयट्याची माती, थोडी वाळू आणि शेण यांत कालवून, त्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून, त्या सावलीत सुकवून पेरावे. आणि पेरावे तेही अगदी उथळ, बोटाच्या पेराहूनही कमी खोलीवर. ज्यांचा हात ज्वारी पेरण्याला सरावलेला आहे ते हटकून खोल पेरतात, आणि मग बी खराब होते म्हणून दुकानदाराला दोष देतात. अंजनाचे बहुतेक बी परागसंयोगावाचून तयार होते, म्हणजे प्रत्येक रोप हे आईची हुबेहूब प्रतिकृती असते. शेतकऱ्याला याचा लाभ असा की एकदा चांगले बेट निवडले की त्याचे गुण पिढ्यान्‌पिढ्या बिघडत नाहीत. पण रोगाला बळी पडणारे बेट निवडले तर तोही गुण तसाच पुढे जातो.

गवत कापावे कधी, या प्रश्नावर मी एक सबंध प्रकरण खर्च केले आहे, कारण आपल्याकडे ते बहुतेक नेहमी उशिरा कापले जाते. दसरा-दिवाळीची कामे उरकल्यावर, दाणा गळून गेल्यावर, काडी पिवळी पडल्यावर विळा घातला म्हणजे भारा मोठा दिसतो; पण त्या भाऱ्यात प्रथिने तीन-चार टक्क्यांच्या वर राहत नाहीत. तेच गवत पोटरीतून बाहेर पडून निसवू लागते तेव्हा कापले तर त्यात याच्या सुमारे दुप्पट प्रथिने मिळतात. सोबत स्टायलो हमाटासारखे द्विदल चाऱ्याचे पीक ओळीआड लावले तर वैरण सकस होते आणि जमिनीला नत्रही मिळते. आता हिशेब पाहा. ४०० किलो वजनाच्या बैलाला रोज ८ ते १० किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे वर्षाला तीन-साडेतीन टन. उजाड माळ हेक्टरी टनभरसुद्धा देत नाही. नीट राखलेले अंजन केवळ पावसावर तीन ते चार टन कोरडी वैरण देऊ शकते. म्हणजे जो हेक्टर आज एका बैलाला चार महिनेही पोसत नाही तो त्याला वर्षभर पोसू शकतो, आणि विहिरीचे एक थेंबही जादा पाणी लागत नाही.

येथे दोन इशारे देणे मला आवश्यक वाटते. पहिला अंजनाविषयी. हे गवत आफ्रिका, अरबस्थान आणि भारत यांचे मूळचे रहिवासी. एकोणिसाव्या शतकात अफगाण उंटवाल्यांच्या खोगिरांत भरलेल्या गवतातून ते मध्य ऑस्ट्रेलियात उतरले असे सांगतात, आणि तेथील पशुपालकांनी पुढे ते हौसेने पसरवले. आज तेथील देशी वनस्पतींना ते हटवीत चालले आहे, त्याच्या दाट वाळक्या बेटांतून वणवे पसरतात, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाने तर त्याला २०१५ साली उपद्रवी तण म्हणून जाहीर केले. आपल्याकडे ते परके नाही, ते खाणारे प्राणी आणि त्याचे रोग येथेच आहेत. तरीसुद्धा जेथे मारवेल, शेडा, पवन्या अजून जिवंत आहेत ते रान नांगरून तेथे अंजन पेरण्याचा मोह कोणी धरू नये. अंजन उजाड मुरमासाठी आहे.

दुसरा इशारा चराईबंदीविषयी. बंदीने गवत येते, हे मी वर कबूल केलेच आहे. परंतु कायमची बंदी हा धोरणाचा शेवट नव्हे. दिवाळीनंतर माणदेश-फलटणकडचे धनगर आपले वाडे घेऊन घाट उतरतात, कोकणात भातखाचरांतून मेंढरे बसवतात, शेतकऱ्याला खत आणि स्वतःला धान्य मिळवतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत माळावर येतात. या चक्रात माळाला पाच-सहा महिने आपोआप विसावा मिळत होता. मुक्काम हलता ठेवणे, एका रानात दोन रात्रींपेक्षा अधिक न बसणे, कुसळीच्या दिवसांत वाट बदलणे, ही विद्या त्यांनी कोणत्याही विद्यापीठात न जाता सांभाळली. ज्या गावाने कुरण राखून धनगराला वेशीबाहेर काढले त्या गावाने आपल्या कुरणाचा सर्वांत जाणता राखणदार घालवला असे मी म्हणेन. माळाचे चार भाग करून पाळीपाळीने ते चारावेत, एक भाग दरवर्षी बी पडेपर्यंत पूर्ण राखावा, आणि पाळी ठरविणाऱ्या मंडळीत धनगर, भूमिहीन शेळीवाल्या बाया आणि जमीनवाले यांना सारखी जागा असावी, अशी जी योजना सातव्या प्रकरणात दिली आहे तिच्यावर गवताच्या जातीपेक्षाही अधिक विचार व्हावा अशी माझी इच्छा आहे.

ग्रंथाच्या रचनेविषयी थोडे. पहिले प्रकरण बियाण्याचे नसून कुंपणाचे आहे, याचे वाचकांना नवल वाटेल. पहिल्या पावसाळ्यात नव्या लागवडीत एकही जनावर जाता कामा नये, कारण त्या वर्षी ठोंबाची मुळे इतकी उथळ असतात की गाय पात्याला तोंड लावते आणि सबंध ठोंबच उपटून येतो. दगडी गडगा, घायपाताची रांग किंवा चर, जे परवडेल ते आधी, आणि लागवड मागून. जमीन, लागवड, खुरपणी, कापणी आणि गंजी यांची प्रकरणे क्रमाने आहेत. ज्यांच्याकडे स्वतःची मुरमाड पड आहे त्यांनी तिसऱ्यापासून वाचले तरी चालेल. गंजी रचण्याचे प्रकरण लहान आहे, पण ते कोणी वगळू नये. सकाळी कापलेले गवत त्याच संध्याकाळी ओले रचले तर आतून तापून बुरसते, आणि वर्षाची वैरण वाया जाते.

ज्यांना याच मृगात आरंभ करावयाचा आहे त्यांनी मारवेलचे ठोंब बांधावरून आताच हेरून ठेवावेत. अंजनाचे बी मात्र विकत घेताना ते कोणत्या हंगामाचे आहे हे आवर्जून विचारावे. ताज्या बियाला काही महिन्यांची सुप्तावस्था असते आणि ते लगेच पेरले तर फार थोडे उगवते. गेल्या वर्षीचे असेल तर ते घ्यावे, आणि नवेच मिळाले तर कोरड्या जागी गोणपाटात बांधून पुढच्या वर्षासाठी ठेवून द्यावे व यंदा मारवेलवरच भर द्यावा.